चौदाच्या पान्याचे चार बोल्ट

१६ मार्च, सोमवार

उणे चोवीस. वारा नाही.

वर्तमानपत्रातून तीन महिन्यांची रजा काढून मी बहिणीच्या शुश्रूषेसाठी गावी आलो, असं मी संपादकांना सांगितलं होतं. आज सहावा आठवडा. शुश्रूषा म्हणावी असं माझ्या हातून अद्याप काही घडलेलं नाही. सिरेताई प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून खिडकीशी बसते आणि माझ्या प्रत्येक कृतीवर भाष्य करते. मी लाकडं फोडली की म्हणते, "अरे मात्ते, लाकडाला दुखत नाही. जोरात मार."

आज रेनडिअरच्या कळपाला चारा टाकून परत येताना ओढ्याच्या काठावरून बर्फगाडी खाली उतरवली आणि बुडाखाली 'खाड्' असा निःसंदिग्ध आवाज झाला. गाडी उजवीकडे कलली. पट्टा पत्र्याला घासू लागला. उतरून, पोटावर आडवा होऊन पाहिलं. पट्टा ज्या सांगाड्यावर फिरतो तो सांगाडा गाडीच्या पोटाला चार बोल्टांनी धरलेला असतो. त्यांतल्या उजव्या मागच्याचं डोकं उडालं होतं. उरलेलं धड आपसूक बाहेर लोंबत होतं, ते बोटांनी फिरवून काढलं आणि खिशात टाकलं. घरापर्यंत चार किलोमीटर गाडीची मनधरणी करत आलो.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. नंतर जे बोलली ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच चिंतेचं कारण आहे.

"दहा एप्रिलला कळप किनाऱ्याकडे निघतो. सत्तेचाळीस वसंत मी त्याच्यामागे गेलेय. यंदा पाय नाही, तर घसरगाडीत बसून जाईन. पण ती ओढायला आपल्या घरची गाडी हवी आणि आपल्या घरचा माणूस. आस्लातच्या गाडीमागे पोत्यासारखी बांधून घेऊन मी जाणार नाही. आपल्याला नाही जमलं, तर शरदात सगळी जनावरं आस्लातला देऊन टाकते आणि शहरात फ्लॅट घेते. लिफ्टवाला."

'लिफ्टवाला' हा शब्द लोक एखाद्या असाध्य रोगाचं नाव घेतात तसा तिनं उच्चारला.

आस्लात हा आमच्या गटाचा मुख्य. चार घरांची जनावरं एकत्र चरतात, त्यांचं निघणं-थांबणं तो ठरवतो. माणूस चांगला आहे. मला 'बातमीदार' म्हणतो, तेवढं सोडलं तर.

१८ मार्च, बुधवार

उणे एकवीस.

गावातल्या एकमेव मेकॅनिकला फोन केला. स्थलांतराच्या आधी सगळ्यांच्याच गाड्या त्याच्याकडे असतात. माझा नंबर वीस एप्रिलनंतर लागेल म्हणाला. वीस एप्रिलला कळप समुद्राशी पोचलेला असेल आणि ताई लिफ्टमध्ये.

तेव्हा स्वावलंबन. ताईनं कपाटातून कॉफीचा डबा काढायला लावला. आमच्या घराण्यात बोल्ट टाकून देणं हे पाप. आजोबांच्या काळापासूनच्या सगळ्या गाड्यांचे उरलेसुरले नट-बोल्ट ह्या एका डब्यात एकत्र नांदतात. पुरातत्त्व खात्याला तीन हिवाळे पुरेल एवढा ऐवज. स्वयंपाकघराच्या टेबलावर ओतून दोन तास उत्खनन केलं आणि एक सापडला. लांबी जुळत होती, जाडी डोळ्याला जुळत होती, फक्त भोकात बसवल्यावर किंचित डुलत होता.

"बाबांच्या पहिल्या गाडीचा असणार," ताई म्हणाली. "अमेरिकी होती ती. पिवळी."

"बोल्टाला देश नसतो, ताई."

"तसं असेल मग."

बूट शिवायचा स्नायूचा दोरा तिनंच काढून दिला. आट्यांना दोन वेढे दिले आणि बोल्ट घट्ट बसला. बाबाही असंच करायचे, असं ती म्हणाली. बाबांची गाडी नंतर किती लांब जायची, हे काही तिनं सांगितलं नाही.

१९ मार्च

सहा किलोमीटर.

२३ मार्च, सोमवार

उणे सव्वीस, ऊन लख्ख.

मोटारीनं चौतीस किलोमीटरवरच्या तिठ्यावर हार्डवेअरचं दुकान आहे. मासेमारीच्या जाळ्यांपासून शवपेटीच्या कड्यांपर्यंत सगळं मिळतं. ते योरुन नावाच्या बाई चालवतात. किनाऱ्याकडच्या. पन्नाशीच्या असाव्यात. चष्मा डोक्यावर आणि पेन्सिल चष्म्यावर.

"बर्फगाडीचा बोल्ट हवाय," मी म्हणालो. "मेट्रिक. दहाचा. तीस लांब."

"आटे कुठले?"

"मेट्रिक."

"मेट्रिक कळलं हो. बारीक की जाड? दहामध्ये दोन्ही येतात."

माझ्यामागे तिघे उभे होते. त्यांच्यासमोर अज्ञान प्रकट करण्यापेक्षा मी आत्मविश्वास प्रकट केला. "नेहमीचे."

"जुना आणलाय का दाखवायला?"

"त्याची काही गरज नाही."

चष्म्यावरची पेन्सिल त्यांनी काढली, माझ्याकडे पाहिलं, परत खोचली. "बरं. नेहमीचे तर नेहमीचे. पण बसला नाही तर जोर लावू नका. या परत. मी इथेच असते, कुठे जातेय."

एवढ्या दूरवरून पुन्हा पुन्हा हेलपाटा कोण मारणार, म्हणून मी एकदम आठ घेतले. घरी ताईला हे रुचलं नाही. "आठ कशाला आणलेस? दोन-दोन आणावेत. लागले तर परत जाता येतं." म्हातारपणी माणसं काटकसरी होतात. योरुनबाईंचा नवरा दुसऱ्या बंदरात दुसरा संसार थाटून बसला त्याला दहा वर्षं झाली, हेही तिनं सांगितलं. मी विचारलेलं नव्हतं.

२४ मार्च, मंगळवार

उणे अठ्ठावीस.

नवा बोल्ट बसवला. लिहायला दीड सेकंद, करायला तीन तास.

गंमत अशी की मूळ तिन्ही बोल्टांच्या डोक्यांना चौदाचा पाना लागतो, नव्याला सतराचा. नवा बोल्ट म्हणजे अधिक भक्कम, असा मी अर्थ लावला. दोन फेरे अलगद आत गेला आणि अडला.

आता आमच्याकडे उणे अठ्ठावीसला अडत नाही असं काय आहे? कुलपं अडतात, दारं अडतात, गाडीची कळ अडते, पाद्रीबुवांचं प्रवचनसुद्धा चर्चमधली शेगडी तापेपर्यंत अडतं. अडलेल्या वस्तूला इथे दोन उपाय, गरम पाणी आणि जोर. मी किटलीभर पाणी ओतलं. मग आस्लात आला.

"काय बातमीदार, गाडीला चहा पाजतोयस?"

"थंडीनं धरलंय रे."

"सरक." त्यानं पान्याच्या दांड्याला हातभर लोखंडी नळी घातली आणि आपल्या पंच्याण्णव किलोंची प्रतिष्ठा तिच्यावर टेकवली. कर्रर्र असा आवाज झाला. बोल्ट गेला आत. शेवटी शेवटी तर लोण्यातून गेल्यासारखा गेला.

"बघ," आस्लात हात झटकत म्हणाला. "थंडी होती."

दोघांनी वाळवलेलं मांस कॉफीत बुडवून खाल्लं. फार समाधान वाटलं. यंत्रज्ञान हा मुळात धैर्याचा विषय आहे.

२७ मार्च, शुक्रवार

अकरा किलोमीटर. प्रगती आहे, असं म्हणता येईल.

बोल्ट बाहेर आला तेव्हा त्याच्या आट्यांत चकचकीत धातूच्या तारा गुंडाळलेल्या होत्या, कंगव्यात अडकलेल्या केसांसारख्या. आधी वाटलं बोल्टच सोलला गेला. मग भोकात करंगळी घातली. आतून गुळगुळीत. आटे उरलेलेच नाहीत. नवा बोल्ट घालून बघितला, तो आत गेला आणि तसाच बाहेर आला, टोपीत डोकं जावं तसा.

म्हणजे परवा जे कर्रर्र वाजलं, ती थंडी नव्हती.

ताईला सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. भांडी घासत होती, एका पायावर उभी राहून.

३० मार्च, सोमवार

उणे एकोणीस.

दोन दिवस लाजेत काढून आज सकाळी दुकानात फोन केला.

"जोर लावलात," योरुनबाई म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलंच.

"किंचित."

"नळी घालून?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माझे वडीलही नळी घालायचे. जुना बोल्ट आहे ना, पहिला, मोडलेला? तो घेऊन या. नुसत्या बोलण्यावरून मी आता तुम्हाला खिळासुद्धा देणार नाही."

खिशात नव्हता. टेबलावर नव्हता. डब्यात नव्हता. शेवटी ताईला विचारलं.

"तो होय? तळ्यातल्या जाळ्याला वजन म्हणून बांधला. चांगला जड होता."

मग तळ्यावर जाऊन बर्फातलं भोक पुन्हा फोडलं आणि गोठत्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून जाळं ओढलं. तीन मासे आणि अर्धा बोल्ट. मासे ताईला दिले. बोल्ट हातमोज्यात घेतला.

परतताना वाटेत आस्लात भेटला. गाडी थांबवून टोपी मागे सारली. तो टोपी मागे सारतो तेव्हा विनोद करत नाही.

"मात्ते, दहाला पहाटे निघायचंय. माद्या आत्ताच उत्तरेकडे तोंड करून उभ्या राहतात. मी त्यांना चार दिवससुद्धा धरू शकत नाही. तुझी गाडी नदी ओलांडताना बसली, तर कळप फुटेल. माझीच नव्हे, चार घरांची जनावरं आहेत. मंगळवारी, सात तारखेला, मला चालवून दाखव. पन्नास किलोमीटर, मागे भरलेली घसरगाडी. नाही जमलं तर सिरे माझ्या गाडीमागे येईल."

"ती येणार नाही."

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "जनावरं मला नको आहेत रे. तिच्या जनावरांची राखण करताना तिच्या शिव्या ऐकायला मला आवडतं." मग टोपी पुढे ओढून गेला.

३१ मार्च, मंगळवार

आज ज्ञानप्राप्ती झाली. गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून, दीड तास.

योरुनबाईंकडे पात्यांचा एक छोटा जुडगा आहे. प्रत्येक पात्याला करवतीसारखे दात, आणि दातांमधलं अंतर वेगळं. माझा तुटका बोल्ट त्यांनी फडक्यानं पुसला आणि एकेक पातं आट्यांवर टेकवून उजेडाकडे धरलं.

"हे बघा. उजेड दिसतोय ना फटीतून? हे दीडचं पातं. नाही बसत. आता हे सव्वाचं." उजेड नाहीसा झाला. "दहाचाच बोल्ट, पण दोन आट्यांत सव्वा मिलिमीटर. जपानी गाड्यांत असाच असतो, आणि डोक्याला चौदाचा पाना. मी दिलेले दीडचे. आमच्याकडच्या बहुतेक सगळ्या वस्तूंत तेच असतात. तुम्ही म्हणालात नेहमीचे."

"म्हणजे दोन्ही मेट्रिक, दोन्ही दहा, आणि तरी सोयरीक नाही?"

"दोन फेरे जमतं. मग भांडण." ती हसली. "थंडीनं अडलेला बोल्ट पहिल्यापासून जड जातो. चुकीच्या आट्यांचा आधी सुरेख जातो आणि मग अडतो. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ."

डोक्यावरचा आकडाही तिनं वाचायला शिकवला. बोल्टाच्या डोक्यावर कोरलेला आकडा म्हणजे त्याची ताकद. माझ्या गाडीच्या मूळ बोल्टांवर १०.९ असतो, असं ती म्हणाली. मी घेतलेल्या आठांवर ८.८. मी बारा वर्षं शाळेत आणि पाच वर्षं विद्यापीठात काढली, पण बोल्टावर अक्षरं असतात हे मला कुणी सांगितलं नाही.

आणखी एक. "चारही बदला. एक मोडला म्हणजे उरलेल्या तिघांनी त्याचं ओझं उचललंय. वरून दिसत नाही, पण ताणलेले असतात."

आता वाईट बातमी. बारीक आट्यांचे, १०.९ चे, तिच्याकडे तीनच आहेत. आणि बिघडलेल्या भोकात नवे आटे बसवायला तारेचं एक वेटोळं लागतं, ते आत घालायचं हत्यार लागतं. तिनं दक्षिणेत फोन केला. ईस्टरची सुट्टी आली. सामान नऊ तारखेला निघेल.

नऊला निघेल. दहाला कळप निघेल.

परत येताना मोटारीत मी उगाच मोठ्यानं बोललो. काय, ते इथे लिहीत नाही.

२ एप्रिल, गुरुवार

ईस्टर सुरू. सगळं बंद. देश रिवाजाप्रमाणे पाच दिवसांसाठी संत्री आणि गुन्हेगारीच्या कादंबऱ्या घेऊन डोंगरात गेला आहे.

ताईनं आज सकाळी घसरगाडीत अंथरायची कातडी बाहेर टांगून झटकली. कुबडीवर एक हात, दुसऱ्या हातात काठी. मी म्हटलं, "अजून काही ठरलं नाहीये, ताई."

"कातडी झटकायला ठरावं लागतं का?"

संपादकांचा फोन आला होता. मेच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हाल ना, म्हणाले. अर्थात, म्हणालो. मग त्यांना अर्धा तास आट्यांमधल्या अंतराविषयी सांगितलं. माणूस फार शांतपणे ऐकतो.

४ एप्रिल, शनिवार

आस्लातच्या पुतणीचं लग्न. शाळेच्या क्रीडागृहात सातशे माणसं, मांसाच्या रश्श्याची मोठमोठी पातेली, चांदीच्या ब्रोचांचा झगमगाट. ताईला मी आणि आस्लातनं खुर्चीसकट उचलून आत नेलं. तिनं दोन्ही बाजूंना राणीसारखी मान हलवली.

योरुन नववधूच्या आईची मैत्रीण म्हणून आली होती. किनाऱ्याकडचा निळा पोशाख, केस सोडलेले. पेन्सिल नव्हती, त्यामुळे क्षणभर ओळख पटली नाही.

"मग, काय करणार आहेस?" तिनं विचारलं.

"आस्लात म्हणतोय भोकात आरपार गज घालून वेल्डिंग करू."

"खुळा आहे आस्लात. पुढच्या वेळी पट्टा काढायला करवत घेऊन बसशील." रश्श्यातला बटाटा तिनं चमच्यानं दुभागला. "माझ्या भावाची फियोर्डच्या खाडीवर बोटींची कार्यशाळा आहे. त्याच्याकडे ते हत्यार आहे. उद्या जाऊन आणते."

"एकशे तीस किलोमीटर? ईस्टरच्या रविवारी? अहो योरुनबाई, एवढा त्रास माझ्यासाठी नको."

"तुझ्यासाठी कोण जातंय? मला तसंही जायचं होतं. आणि बाई म्हणू नकोस, शाळेत असल्यासारखं वाटतं."

चांगलं झालं. तिला जायचंच होतं म्हणून बरं, नाहीतर फार संकोच वाटला असता. परतताना ताई एकटीच हसत होती. विचारलं तर म्हणाली, पाय दुखतोय.

६ एप्रिल, सोमवार

उणे सात. दुपारी छपरावरून थेंब.

सकाळी अकराला योरुन हत्यार घेऊन आली. तिच्या बर्फगाडीवर मागे बांधलेली पेटी, पेटीत छिद्रक, आटे पाडायचं हत्यार, तारेची वेटोळी. तीही माझ्यासारखीच जपानी गाडी चालवते हे आज प्रथमच लक्षात आलं. माझ्याहून दोन वर्षं जुनी, पण राखलेली.

गोठ्यात गाडी आडवी केली. भोक किंचित मोठं करून नवे आटे पाडले, त्यात वेटोळं फिरवून बसवलं. तिचे हात घाई करत नाहीत. प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला हत्यार थोडं मागे फिरवायचं, कीस पडू द्यायचा, मग पुढे. मला धरायला दिवा दिला होता. मी तो चांगला धरला, असं ती म्हणाली.

आस्लात खिशातून काळेकुळकुळीत चार बोल्ट काढत आला. डोक्यावर १२.९. "घ्या. सगळ्यात कडक. मी माझी घसरगाडी ओढायच्या आकड्याला हेच लावलेत. आता काय टाप आहे मोडायची."

"आटे दीडचे आहेत," मी म्हणालो. माझ्या तोंडून हे वाक्य बाहेर पडलं याचं मलाच आश्चर्य वाटलं.

"आणि सव्वाचे असते तरी नको," योरुन म्हणाली. "फार कडक बोल्ट आधी सांगत नाही. वाकत नाही, कुरकुरत नाही, एके दिवशी तुटतो. स्टेनलेसचाही मोह नको, तो दिसायला छान आणि आतून मऊ. कारखान्यानं जो घातला होता, तोच घालायचा."

"बायको निवडताय की बोल्ट?" आस्लात म्हणाला.

"गप रे," असं आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

तीन नवे बसले. प्रत्येक आधी बोटांनी, शेवटपर्यंत. बोटांनी जात नसेल तर पाना हातात घ्यायचा नाही, हा तिचा नियम. मग आट्यांना निळा डिंक, आणि ठरलेल्या जोराला 'टक्' करणारा पाना. चौथ्याचा प्रश्न होताच. मी म्हटलं, चौथा जुन्यांतला चालवू. ती नाही म्हणाली, बाहेर गेली, दहा मिनिटांनी आली आणि एक बोल्ट पुढे केला.

"पेटीच्या तळाशी निघाला."

नशीब बघा. डोकं चौदाचं, आकडा १०.९, आटे सव्वाचे. थोडं ग्रीस लागलेलं होतं आणि हाताला कोमट लागला, एवढंच. नव्या वेटोळ्यात तो बोटांनी असा गेला की मला काहीतरी बोलावंसं वाटलं.

जाताना ती आस्लातच्या गाडीवर बसून गेली. तिची गाडी दोन दिवस आमच्या गोठ्यात राहू दे म्हणाली, पेट्रोलचा काहीतरी घोटाळा आहे. मी बघतो म्हटलं तर घाईघाईनं म्हणाली, हात लावू नकोस.

७ एप्रिल, मंगळवार

पन्नास किलोमीटर. मागे घसरगाडीत दोनशे किलो चारा, आणि चाऱ्यावर आस्लात, कारण त्याला स्वतः आवाज ऐकायचा होता. ओढे, चढ, गोठलेल्या नदीचा काठ. थांबून तीनदा बोल्ट पाहिले. पान्यानं तीनदा 'टक्' म्हटलं.

शेवटी तो उतरला, पँटवरचा चारा झटकला आणि म्हणाला, "शुक्रवारी पहाटे चारला. थर कडक असताना. उशीर केलास तर थांबणार नाही."

ताईला सांगायला धावतच आत गेलो. ती कॉफी करत होती. तीन कप मांडलेले. तिसरा कुणाचा ते मागून कळलं. योरुन तिठ्यावरून बसनं आणि पुढे उभ्यानं रेटायच्या घसरगाडीवरून आली होती, भावाची पेटी न्यायला. तिची गाडी अजून आमच्या गोठ्यातच. एवढी पेटी ती त्या घसरगाडीवर कशी नेणार, मला समजेना. व्यायाम होतो म्हणाली. मीच मोटारीनं सोडून आलो. वाटेत कळलं की मे महिनाभर ती भावाकडे फियोर्डवर असते. आमचा कळप उतरतो त्याच फियोर्डवर. योगायोग.

१० एप्रिल, शुक्रवार

निघालो.

पहाटे बर्फाचा थर असा कडक की पावलाला दणका बसतो. पुढे आस्लात, त्याच्यामागे घंटा बांधलेली म्होरकी मादी, मग सगळा कळप एका करड्या ओळीनं. घोट्यांतले स्नायू हाडांवरून सरकताना होणारी टकटक हजार पायांची एकदम ऐकू येते. मी सर्वांत मागे. घसरगाडीत ताई, कातड्यांत गळ्यापर्यंत, हातात लांब काठी. मागे रेंगाळणाऱ्या माद्यांना ती आवाज देते, आणि त्या ऐकतात. मलाही ती आवाज देते.

"मात्ते! डावीकडे! बातम्या नंतर लिही!"

एकदाही मागे वळून पाहिलं नाही मी. वळायची गरज नव्हती. ती गात होती. शब्द नसलेलं जुनं गाणं, आमच्यात एकेका माणसाच्या नावचं असतं तसं, बाबांच्या नावचं.

१२ एप्रिल, रविवार

दुसरा मुक्काम, खिंडीच्या अलीकडे.

दुपारी आस्लातची घसरगाडी खड्ड्यात आदळली आणि तिच्या आकड्याचा काळा बोल्ट सरळ दुभंगला. वाकला नाही, कुरकुरला नाही. तंबू, भांडी, पिठाची पोती सगळं मागे राहिलं आणि आस्लात एकटाच अर्धा किलोमीटर पुढे गेला.

परत आला तेव्हा टोपी मागे सारलेली होती. "मात्ते," तो म्हणाला. बातमीदार म्हणाला नाही. "तुझ्याकडे दहाचा आहे का एखादा? दीडचा? काळा नको आता."

ताई कातड्यांतून म्हणाली, "आमच्या घरच्या माणसाला विचार की नीट. प्लीज म्हण."

तो म्हणाला. मी माझ्या आठांतला एक दिला. पाना घ्यायला त्याचा हात गेला, तर मी अडवला. "आधी बोटांनी. शेवटपर्यंत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर बसला आणि एवढा मोठा माणूस बोटांच्या चिमटीत बोल्ट धरून फिरवत राहिला. गेला आत, सरळ.

१५ एप्रिल, बुधवार

उणे दोन. समुद्राचा वास.

काल नदी ओलांडली. वरचा बर्फ निळसर झाला होता, आणि मधल्या दोनशे मीटरवर पाण्याचा पातळ थर. आस्लातनं हात वर केला तशी जनावरं थांबली, मग एकेक करून गेली. शेवटी मी. पाणी पट्ट्यावरून उडालं, गाडी एकदा घसरली, पण खालून एकही नको तो आवाज आला नाही. पलीकडे पोचल्यावर कळलं की मी श्वास धरून ठेवला होता. ताईही.

आज दुपारी माद्यांच्या विण्याच्या कुरणावर आलो. खाली फियोर्ड, उतारावर काळी जमीन उघडी पडलेली. माद्या आपापल्या जागा शोधत पांगल्या. आस्लात आणि इतर घरांची माणसं तंबू ठोकायला गेली. मी गाडीखाली आडवा होऊन चारही बोल्ट तपासले आणि उठलो, तर ताई म्हणाली, "इकडे ये. बस."

घसरगाडीच्या कडेवर बसलो. पांगलेल्या जनावरांकडे ती काठीनं खुणा करत होती. कानावर कुठली खूण आपली, पाठीवर पांढरा पट्टा असलेली कुणाची लेक, कुणाच्या आईनं दोन वर्षांपूर्वी ह्याच दगडाशी पाडस दिलं. मी ऐकत होतो. मग ती थांबली.

आमच्याकडे कुणाला त्याची जनावरं किती, हे विचारत नाहीत. शेजारी विचारत नाही, पाद्री विचारत नाही, लग्नाला तीस वर्षं झालेल्या नवऱ्यालाही बायकोच्या खुणेची किती हे नक्की ठाऊक नसतं. मी वीस वर्षं लोकांना नको ते प्रश्न विचारून पोट भरलं, पण हा प्रश्न माझ्या तोंडून कधी गेला नाही. तो आकडा माणूस फक्त एकदाच सांगतो, आणि ज्याला सांगतो त्याच्या हाती पुढे ती खूण आणि जनावरं जातात.

ताईनं माझी कॉलर धरली, डोकं खाली ओढलं आणि कानात एक आकडा सांगितला.

मग तिनं कॉलर सोडली, टोपी सारखी केली आणि म्हणाली, "फ्लॅटचं मी आस्लातला सांगितलं होतं. त्याला सांग, नको म्हणून. आणि भूक लागलीय मला."

आकडा इथे लिहीत नाही.